पॉलिशच्या चाकावरची सुरी

माझे यजमान धाटावला कंपनीत होते. शिफ्ट नसली की रोह्यातल्या आमच्या पडवीत ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून हौसेने सुऱ्या बनवायचे. एकदा माझ्या पेणच्या भावाने बनवायला सांगितलेली सुरी ते पॉलिशच्या चाकावर धरून होते. मुलीला कडेवर घेऊन मी दारात आले. तेवढ्यात चाकाने सुरी हातातून हिसकावली आणि ती मुलीच्या डोक्याजवळून जाऊन चौकटीत रुतली.

"लागलं नाय ना गो?" त्यांनी कसंबसं विचारलं.

मी मुलीचे केस बाजूला करून करून बघत राहिले. रक्त नव्हतं.

चाक त्यांनी परसात हलवलं, पण सुऱ्या बनवणं सोडलं नाही. चाक सुरू झालं, की मी मुलीला आत घेऊन कडी लावायचे आणि आवाज थांबेपर्यंत तशीच बसायचे.