भाकरी एक फांदी वर

चिंच झोडणारा माणूस झाडावर बोलत नाही. सिद्रामअण्णाचा कायदाच होता तसा. "वर तोंड बंद. बोलणाऱ्याची मूठ सैल पडती." त्यामुळं दिवसभर पोटात साठलेलं सगळं भाकरीच्या वेळी बाहेर पडायचं आणि आमच्या टोळीत किश्श्यांना कधी तोटा पडला नाही. एक सांगायला घेतला की दुसरा आपण होऊन खाली येतो. आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

मी मूळचा सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला, मिलमधला माणूस. साहेबाच्या राज्यातली गोष्ट ही. मिल बंद पडली, घरची चूल थंड व्हायला लागली, तेव्हा मेव्हण्यानं मला वळसंगच्या सिद्रामअण्णाच्या टोळीत नेऊन घातलं. उन्हं तापायला लागली की ही टोळी सडकेच्या कडेची चिंचेची झाडं झोडायची. गडी वर चढायचे, बायका खाली चिंचा वेचायच्या. मेव्हण्यानं अण्णाला माझ्याबद्दल सगळं सांगितलं, फक्त एक सोडून. माडीच्या खिडकीतून खाली बघितलं तरी माझ्या पायातलं बळ जायचं.

*

पहिल्या दिवशी पहिल्या बेचक्यापर्यंत गेलो आणि फांदीला मिठी मारून बसलो. वर जाववेना, खाली उतरवेना. डोळे गच्च मिटलेले. खालून एक म्हातारी म्हणाली, "पाव्हण्याला फांदी लई आवडली जणू. सोडंना झालाय."

अण्णा वर आला. रागावला नाही. माझा एकेक पाय हातानं धरून खाली ठेवत त्यानं मला उतरवलं आणि "अंजब्याड" एवढंच म्हणाला. कानडीत, भिऊ नको. मला वाटलं सुटलो, आता बायकांत बसून चिंचा वेचायच्या.

भाकरीच्या वेळी माझं फडकं सापडेना. अण्णानं बोट वर केलं. माझी भाकरी त्याच बेचक्यात लटकत होती.

"हितं चढणाऱ्याची भाकरी झाडावर असती," तो म्हणाला. "आज पयल्या बेचक्यात. उद्या एक फांदी वर."

"आन न्हाय चढलो तर?"

"तर सोमवार धरला म्हणायचं."

त्या दिवशी मंगळवार होता. ऊन उतरेपर्यंत मी हट्टानं बसून राहिलो, पण पोट काय ऐकतंय? शेवटी गेलो. भाकरीचा पापड झाला होता आणि ठेच्याला मुंगळे लागले होते. तशी चव मला पुन्हा कधी लागली नाही.

*

रोज भाकरीला प्रमोशन मिळत गेलं आणि तिच्यामागं मला. पण मधल्या मोठ्या फांदीवर आलं की माझं घोडं पेंड खायचं. तिथून पुढं हात उचलायचाच नाही.

एक दिवस फडक्याला हात घालणार, एवढ्यात एका वानरानं ते उचललं आणि वर पळालं. मला असा संताप आला म्हणता! मिलचं बंद फाटक, मॅनेजरचं तोंड, सगळा राग त्या वानरावर निघाला. शिव्या देत मी त्याच्यामागं. ते एक फांदी वर, मी एक फांदी वर. शेवटी त्यानं भाकरी निवांत खाल्ली आणि फडकं टाकून दिलं. ते माझ्या हातात आलं तेव्हा मी पाहिलं, तर माझ्या डोक्यावर आता एकही फांदी नव्हती. नुसतं आभाळ.

खाली सडक, बैलगाड्या, बायकांची लुगडी. आणि लांब, धुळीच्या पलीकडं, सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी. ज्या धुराड्याखाली मी इतकी वर्षं मान घालून राबलो, ते करंगळीएवढं दिसत होतं. भीती वाटली का? वाटली की. पण बघतच राहावं असंही वाटलं. हात जोडावेसे वाटले, खरं सांगतो, पण हात सोडायची सोय नव्हती.

खाली आलो तेव्हा अण्णा म्हणाला, "वर तोंड बंद म्हणून सांगितलं हुतं की." आणि थोड्या वेळानं, "उद्यापासनं वानराची बी भाकरी आण. गुरू हाय तुजा."

*

आमच्यात महिबूब म्हणून एक होता, दोरखंडं बघायचा. भीती कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. दुपारी शेंड्याच्या बेचक्यात तो खुशाल झोप काढायचा. आम्ही खाली जीव मुठीत धरून बसायचो आणि हा वर घोरायचा.

एकदा झाडांचा लिलाव घेणाऱ्या ठेकेदाराच्या घरी चिंचेची पोती पोचवायला गेलो. पोती माडीवर ठेवायची होती. शिडी लावली. महिबूब दोन पायऱ्या चढला आणि थरथरत खाली उतरला.

ठेकेदाराला हसू आवरेना. "अरे, तू तर चिंचेवर झोपतोस म्हणं?"

"झाड पकडता है अपने कू, सेठ," महिबूब म्हणाला. "सीडी किसकी सगी?"

सगळी पोती मग मीच वर नेली. शिडीवर मला काहीसुद्धा वाटलं नाही. महिबूब खालून तोंड वासून माझ्याकडं बघत होता.

*

नीलव्वावैनी ही अण्णाची बायको. वेचणाऱ्या बायकांची मुकादम तीच. अण्णा झाडावर असला की ती मान वर करत नसे. वर फांदी कडाडू दे, कुणी ओरडू दे, हिचे डोळे मातीत. त्याचे पाय जमिनीला लागले की पदरानं तोंड पुसायची आणि पाण्याचा तांब्या पुढं करायची.

मी एकदा विचारलं, "वैनी, कदी वर बगत न्हाईसा?"

"चिंचा खाली पडत्यात की," ती म्हणाली. "वर काय बगू?"

*

दुसऱ्या वर्षी अण्णा पडला. वेशीजवळची जुनी चिंच, शेंड्याला एक फांदी वठलेली, ती मोडली. खालच्या फांद्यांनी झेलला म्हणून वाचला. खांदा गेला, पाय गेला.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हाडं जुळली, पण अण्णा पहिल्यासारखा राहिला नव्हता. टोळीबरोबर यायचा आणि खोडाकडं पाठ करून बायकांत चिंचा वेचत बसायचा. ठेकेदारानं निरोप धाडला होता की अण्णा चढणार नसेल तर तो दुसरी टोळी बघेल. आम्हाला आमच्या पोटाचा घोर होताच. पण त्याहून वाईट वाटायचं ते अण्णाच्या गप्प बसण्याचं. भाकरीच्या वेळीसुद्धा तो आता तोंड उघडत नव्हता.

एक दिवस त्याच वेशीजवळच्या चिंचेची पाळी आली. आम्ही गडी अण्णाला घेऊन दोरखंडं आणायला गावात गेलो आणि परत येऊन खालच्या फांद्या झोडायला लागलो. भाकरीची वेळ झाली. अण्णाचं फडकं सापडेना.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पण ते काम माझं नव्हतं. महिबूबनं कानाला हात लावले. अण्णा हळूच उठला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा झाडाकडं तोंड करून उभा राहिला. पहिल्या बेचक्यात काही नव्हतं. मधल्या फांदीवर काही नव्हतं. फडकं अगदी शेंड्याला होतं, ती फांदी जिथून मोडली होती त्याच बेचक्यात.

"कुणी बांदलं?" अण्णानं विचारलं.

नीलव्वावैनी चिंचा वेचत होती. तिचे दोन्ही तळवे सोलले होते आणि लुगडं गुडघ्यापाशी फाटलं होतं.

अण्णानं डोक्याचा पटका काढून ठेवला. खोडाला हात लावून तो कपाळाला लावला आणि चढला. मधल्या फांदीवर बराच वेळ थांबला. मग तो पुन्हा हलला. एकेक हात, एकेक पाय, करत शेंड्याच्या बेचक्यात जाऊन टेकला. फडकं सोडलं, आत बघितलं.

आणि झाडावर कधी कुणाला बोलू न देणारा अण्णा वरून बोलला.

"नीले, ह्यात दोगांची भाकरी हाय की."

वैनीनं मान वर केली.

"व्हय," ती म्हणाली. "माजी घिऊन खाली या."