उधाणाला बांधलेल्या होड्या

त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर कुणीतरी नकाशा उघडेल, तिकिटं बघेल, आणि त्या गावाला अजून पाहुणे परवडायचे नाहीत.

मी तारोडीची. लग्न झाल्यापासून मिरा रोडला फ्लॅटमध्ये राहते, ऑफिसात हिंदी बोलते, भाजीवाल्याशी हिंदी बोलते, पण नाक अजून तारोडीचंच आहे. सुकत्या जवळ्याचा वास आला की मला घरी आल्यासारखं वाटतं आणि बिल्डिंगमधले बाकीचे लोक खिडक्या लावून घेतात. वडिलांची होडी होती, डोलीचं जाळं होतं. हे जाळं धावत्या पाण्यात तोंड उघडं ठेवून उभं राहतं आणि पाणी जे आणेल ते घेतं. म्हणजे सगळा खेळ पाण्याच्या ओढीचा. अमावस्या-पुनवेला उधाण येतं, पाणी धावतं, तेव्हा कोळ्याला जेवायला फुरसत नसते. मधल्या दिवसांत पाणी मेल्यासारखं होतं, त्याला आम्ही भांग म्हणतो. तेव्हा जाळी शिवायची, लग्नं ठरवायची, राहिलेली भांडणं करून घ्यायची. आमच्याकडे पाहुणेसुद्धा भांगाला येतात. उधाणाला आलेल्या पाहुण्याकडे कुणी बघत नाही आणि तोही त्याचं वाईट मानत नाही.

मिरा रोडला एका मिठाईच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी आमची मंडळी भरते. गाणी, प्रार्थना, बायबलचं वचन, मग चहा. मला तिथली गाणी आवडायची, अजूनही आवडतात. मंडळीचा जो पुढारी, त्याला सगळे ब्रदर म्हणतात. आठवडाभर तो इस्टेट एजंट. काशीगावच्या बाजूला नवे टॉवर उठलेत, त्यातले फ्लॅट दाखवतो. जीभ गोड, शर्ट कडक इस्त्रीचा, कुणाच्याही घरी आजारपण असलं तर पहिला हजर. फ्लॅट आणि स्वर्ग तो एकाच सुरात दाखवतो, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

दिवाळीच्या सुट्टीत परदेशी मिशन ट्रिप काढायची, असं त्यानं जाहीर केलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सिस्टर, वो लोग भी फिशरमन हैं. आप तो उन्हीं में से हो. आप कनेक्ट करोगे." मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. वडील गेल्यावर आमची होडी विकली होती. कुणालातरी माझं कोळीपण उपयोगाचं वाटतंय, याचं अप्रूप वाटलं.

तारखा ठरल्या तेव्हा मी माझं कोळीपण वापरून बघितलं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कॅलेंडर उघडून म्हटलं, "ब्रदर, बरोबर मध्ये त्रिपुरी पौर्णिमा येतेय. उधाण असेल. गावातली माणसं कामावर असणार. आठ दिवस पुढे ढकलू या."

"फुल मून में बीच वरशिप," तो म्हणाला. "ड्रोन शॉट सोचो, सिस्टर. और पास्टर को मैंने मेसेज कर दिया है, जेंट्स सब चाहिए. खाली लेडीज और बच्चे बैठे हों तो व्हिडिओ में अच्छा नहीं दिखता."

सगळे हसले. तिथला पास्टर कोळ्यांच्या गावातला आहे, त्याला पाणी कळत असेल, तो परस्पर नाही म्हणेल, असं मी धरून चालले. मग पिवळे टी-शर्ट छापून आले आणि तारखांचा विषय संपला.

दोन विमानं, एक बस, आणि शेवटी खाडीकाठचा चिखलाचा रस्ता, असे आम्ही पोचलो. मुलं गाणी म्हणत समोर आली. मला ज्या घरी उतरवलं, ती बाई माझ्या आयच्या वयाची. आय म्हणजे माझी आई. तशीच आखूड, तशीच कमरेवर हात ठेवून उभी राहणारी. नवरा मासेमारी करणारा. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला नाही. गावातल्या शाळेच्या बाई थोडं इंग्रजी बोलायच्या, त्यांच्यामार्फत आमचं बोलणं.

सकाळी उठल्यावर सवयीनं मी आधी पाण्याकडे गेले. खाडीच्या तोंडाशी पाणी असं धावत होतं की जाळी बांधायच्या खुंटांभोवती फेस येत होता. आमच्या डोलीसारखीच जाळी लावतात तिथे, खुंटही तसेच. आणि खुंटांवर जाळं नव्हतं. सगळ्या होड्या वर वाळूत ओढून एका रांगेत बांधलेल्या. भर उधाणाला अशा रांगेत बांधलेल्या होड्या मी आयुष्यात एकदाच बघितल्या होत्या, वडिलांना माती दिली त्या दिवशी. गावात कुणी गेलं की त्या दिवशी आमच्याकडे होडी पाण्यात जात नाही.

घरी येऊन शाळेच्या बाईंना गाठलं, त्यांच्याकरवी विचारलं. घरधनीण मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे जवळा सुकवायच्या चटया पसरलेल्या होत्या, स्वच्छ झाडलेल्या, कोरड्या. तिनं सांगितलं ते असं. तिकडचा पाऊस आपल्या दिवाळीनंतर सुरू होतो. पुढच्या अमावस्येपर्यंत वारा फिरतो आणि मग होडी खाडीबाहेर पडू शकत नाही. पावसाआधीचं हे शेवटचं उधाण. यात जो जवळा मिळतो तो सुकवून ठेवायचा आणि पाऊसभर तोच खायचा. दुसरं काही नाही. पाहुणे येणार, पुरुष सगळे हजर पाहिजेत असा निरोप आला, म्हणून पास्टरनं चार दिवस होड्या काढू नका असं सांगितलं.

हे सांगताना तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. मीच विचारलं म्हणून ती सांगत होती.

मी तडक ब्रदरकडे गेले. तो मुलांना हात वर करून गाणं शिकवत होता. म्हटलं, "दुपारचा कार्यक्रम रद्द करा. माणसांना जाऊ दे. अजून पाण्याला ओढ आहे, तीन दिवस मिळाले तरी त्यांचं भागेल." त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि या गावाच्या मासेमारीवर दुप्पट आशीर्वाद यावा म्हणून प्रार्थना केली. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं. कुणाचं तोंड बंद करायचं असलं की त्याची ही रीत आहे. प्रार्थनेच्या मध्ये बोलायचं तरी कसं?

मग मी पास्टरकडे गेले. म्हातारा, सुकलेला माणूस, मोडकं इंग्रजी बोलणारा. तो म्हणाला, "लोक इतक्या लांबून आमच्यासाठी आले. त्यांच्याकडे पाठ करून होडीत कसं बसायचं?" मी सांगितलं की बसा, आम्हाला चालेल. त्यानं माझ्या पिवळ्या टी-शर्टाकडे बघितलं आणि विचारलं, "तुमचे पुढारी तसं म्हणालेत का?" ते तसं म्हणाले नव्हते. तो विषय तिथेच थांबला.

त्या दुपारी जेवण होतं. गावानं केलेलं. गेल्या उधाणाचा जो काही जवळा डब्यांच्या तळाशी राहिला होता तो घरोघरून गोळा करून, नारळ घालून रांधलेला, बरोबर कंदाच्या पिठाचा घट्ट गोळा. वासावरूनच मला कळलं की हे कालवण आयच्या हातचं असू शकतं. पण आमच्या गटाला निघायच्या आधीच सूचना होती, लोकल फूड खायचं नाही, पोट बिघडेल. सगळ्यांच्या बॅगांत थेपले, खाकरे, गरम पाणी ओतायचे पोहे. तरीही ताटं घेतली सगळ्यांनी. हात जोडले, गोड हसले, ताट छातीशी धरून फोटो काढले. मग शाळेच्या मागे जाऊन ती कुत्र्यांना घातली.

मला किळस आली. शब्द जपून वापरतेय. राग आला असता तर बरं झालं असतं, राग ओसरतो. पिवळ्या टी-शर्टातली चांगल्या घरची, रोज दोनदा प्रार्थना करणारी माणसं भिंतीच्या आडोशाला वाकून दुसऱ्याचा पावसाळा कुत्र्यांना घालत होती आणि एकमेकांना खुणावत होती की आवाज करू नका. त्यातली एक माझी चांगली मैत्रीण होती. तिनं नंतर सॅनिटायझर पुढे केला. मी हात मागे घेतला.

मी माझं ताट संपवलं. तेही सुखाचं नव्हतं, कारण प्रत्येक घासाला वाटत होतं की हाही त्यांच्या पावसातलाच. माझी घरधनीण रिकामी ताटं गोळा करत फिरली. कुत्री तिनं बघितली होती, मला खात्री आहे, कारण तिचंच एक कुत्रं त्यात होतं. मग ती शाळेच्या बाईंना काहीतरी म्हणाली. बाईंनी माझ्याकडे न बघता इंग्रजीत सांगितलं, "त्या विचारतायत, तिखट जास्त झालं का?"

पुनवेच्या संध्याकाळी बीच वरशिप झालं. चंद्र वर आला, ड्रोनही वर गेला. ब्रदरच्या डोक्यात एक कल्पना होती. बायबलात कोळी असलेल्या शिष्यांनी जाळी सोडून प्रभूच्या मागे जायचं ठरवलं, तो प्रसंग खऱ्या कोळ्यांकडून करून घ्यायचा. गावातले पुरुष होड्यांसमोर रांगेत उभे केले, प्रत्येकाच्या हातात स्वतःचं जाळं दिलं. तो म्हणाला, "वन, टू, थ्री, ड्रॉप." जाळी वाळूत पडली. ड्रोनवाल्यानं सांगितलं की फ्रेम हलली. परत. मग एकानं कॅमेऱ्याकडे बघितलं. परत.

मी ज्या घरात राहत होते, त्या घरचा धनी रांगेत टोकाला होता. दर वेळी जाळं उचलायच्या आधी तो खाली बसून त्यातली वाळू झटकत होता. ज्याच्या घरात जाळं असतं त्याला ते बघवणार नाही. वाळूनं दोरा झिजतो, माझे वडील आम्हा पोरांना जाळ्यावर नुसता पाय ठेवू देत नसत. "अंकल, झटको मत, टाइम जाता है," ब्रदर हिंदीत ओरडला, जसं काही त्याला हिंदी कळत होतं. आणि या सगळ्याच्या मागे पाणी धावत होतं. गिटारीवरून त्याचा आवाज ऐकू येत होता. रांगेतला प्रत्येक पुरुष तो ऐकत होता, मी त्यांचे चेहरे बघितले. गाणाऱ्यांना मात्र काही ऐकू येत नव्हतं.

आम्ही निघालो त्या दिवशी पाणी मरायला लागलं होतं. घरधनिणीनं मला मिठी मारली. चटया तिनं गुंडाळून आत ठेवल्या होत्या.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी आमच्या हॉलमध्ये साक्षीची संध्याकाळ ठेवली, ट्रिपमध्ये देवानं काय दाखवलं ते सगळ्यांपुढे सांगायची. सगळ्यांनी आपापल्या घरच्यांना आणायचं. मी जाणारच नव्हते, पण आयनं ऐकलं होतं की लेक आफ्रिकेला जाऊन आली आणि तिचा पिच्चर दाखवणार आहेत. ती ठेवणीतलं लुगडं नेसून, तारोडीहून बस बदलत एकटी आली. पहिल्या रांगेत बसली. मला म्हणाली, "तू दिसलीस का सांग, माझं डोलं कमी हाय."

व्हिडिओ चांगला झाला होता. मुलं नाचताना, ताटं छातीशी धरलेले आम्ही, संथ संगीत. मग चंद्र आला, त्याखाली होड्यांची रांग, आणि सगळी जाळी एकदम वाळूत पडली. हॉलमधल्या बायका डोळे पुसायला लागल्या. ब्रदर माइकवर म्हणाला, "देखो, प्रभु के लिए उन्होंने जाल छोड़ दिया."

आय पुढे झुकून बघत होती. तिचा आवाज होडीपर्यंत पोचायच्या सवयीचा, हळू बोलणं तिला येत नाही. "पुनवेचा चांद हाय न् होऱ्या सगल्या काठाला," ती म्हणाली. "कोन मेला त्यांचे गावान?"

 अर्ध्या लोकांना कळलंच नव्हतं. ब्रदरनं हसून विचारलं, "आंटी क्या बोल रही हैं?"

मी उभी राहिले. सांगितलं, "पूछ रही हैं, उस गाँव में कौन मर गया."

"अरे नहीं, कोई नहीं मरा," तो म्हणाला. "बताओ उनको. हमारे लिए रुके थे सब."

मी आयला सांगितलं. कुणी मेलं नाही. आमच्यासाठी थांबले होते. ती माझ्याकडे बघत राहिली, मी लहानपणी काही सांडलं की बघायची तशी. मग तिनं एवढंच विचारलं, "मंग पावसान काय खातीन ती?"

हेही मी हिंदीत सांगितलं, माइकची गरज पडली नाही. ब्रदरच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फ्लॅटमध्ये ओल आहे का असं कुणी विचारल्यावर असतं ते. तो खाली आला, आयचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "प्रभु देगा, आंटी."

तेवढी हिंदी तिला येते. तिनं हात सोडवून घेतले, पदर नीट केला आणि पिशवी उचलली.

"परभूनं दिलंच व्हतं," ती म्हणाली. "उधान दिलं व्हतं."