नळ आले त्या सकाळी

माझा नातू पुण्यात पोहायला शिकतो हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. पोरगं अजून दोन वर्षांचं नाही, वरणभाताचा घास धड तोंडात जात नाही, आणि ते म्हणे पोहणार. इथे आर्णीकडे आम्ही आठ-आठ दिवस नळाकडे डोळे लावून बसतो, आणि तिकडे लंगोटातल्या पोरांसाठी निळाशार तलाव. मी लेकीला फोनवर म्हटलंच, की त्याला आधी चड्डी ओली न करायला शिकव, मग पोहायला. ती रागावली नाही. माझ्या जिभेची तिला सवय आहे.

मे महिन्यात ती त्याला घेऊन माहेरी आली आणि तिने मोबाईलवर त्या शिकवणीचा व्हिडिओ दाखवला. ती स्वतः कमरेइतक्या पाण्यात उभी, पोर काठावर. शिकवणारे सर "एक, दोन, तीन" म्हणतात आणि हा बेधडक आईच्या दिशेने उडी घेतो. क्षणभर पाण्याखाली जातो, वर येतो, नाकातोंडातून पाणी गाळत हसतो, आणि सगळे टाळ्या वाजवतात. आमचे हे तर फारच खूश झाले. ते लहानपणी कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले, त्यामुळे हे गुण आपल्याच रक्तातले असं त्यांनी लगेच जाहीर करून टाकलं. माझी मोठी जाऊ भिंतीपलीकडेच राहते. तिने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला लावला आणि कौतुकाने म्हणाली, "याले पाण्याचं भेवच नाही वं." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पोराला भीती नसणं ही चांगलीच गोष्ट आहे, असं तेव्हा वाटत होतं.

ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना नळ येणं म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. गल्लीच्या टोकाहून कोणीतरी ओरडतं, की तव्यावरची पोळी तव्यावर राहते. मोटर लावायची, पाईप ओढायचा, आणि घरात जे जे पोकळ आहे ते भरायचं. ड्रम, पितळी गुंड, पातेल्यासारखे गंज, बादल्या, कूलरची टाकी, गोधड्या भिजवायचा टब. एकदा तर मी कुकरसुद्धा भरून ठेवला होता आणि मग खिचडी कशात लावू म्हणून बसले होते. त्या तासाभरात पाहुणा आला तर त्याच्याही हाती बादली देतो आम्ही.

त्या सकाळी नळ आले तेव्हा मी अंगणात पाईप धरून होते. हे स्लॅबवरच्या टाकीपाशी होते. लेक भरलेले गुंड स्वयंपाकघरात नेत होती. पोरगं प्लास्टिकचा मग घेऊन सगळ्यांच्या पायात पायात करत होतं. टब अर्धाअधिक भरला तेव्हा पाण्याचा जोर जरा वाढला, म्हणून मी आधी ड्रम भरून घ्यावा असं ठरवलं आणि पाईप तिकडे वळवला. मला वाटलं, पोर आईमागे आत गेलं. लेकीला वाटलं, ते माझ्यापाशी आहे. ह्यांना वरून वाटलं, खाली दोघी दोघी आहेत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं.

ड्रम भरला. पाईप परत टबात सोडायला मी वळले, आणि टबाच्या कडेवर मला पायांचे दोन तळवे दिसले.

ते हलत नव्हते. मी जन्मभर समजत आले होते की बुडणारा माणूस ओरडतो, हातपाय झाडतो, निदान पाणी तरी वाजतं. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. भिंतीपलीकडे जावेच्या बादलीत पडणारी धार मला ऐकू येत होती, कुणाचं पाणी आधी भरतंय याकडे माझे कान होते, आणि माझ्या पाठीमागे चार हातांवर माझा नातू बुडत होता.

मी त्याला पायाला धरून बाहेर ओढलं. एवढंसं पोर, पण ओल्या गोधडीसारखं जड लागलं. ओठ जांभळे, डोळे उघडे, आणि ते डोळे माझ्याकडे पाहत नव्हते. मी किंचाळले की नाही ते आठवत नाही. लेक आली, तिने त्याला माझ्या हातातून हिसकावलं आणि तिथेच ओल्या फरशीवर आडवं केलं. हनुवटी वर केली, नाक चिमटीत धरलं आणि त्याच्या तोंडात श्वास भरू लागली. मी नुसती उभी होते. ही काय करतेय, त्याला उलटं का धरत नाही, असं मला वाटत होतं. मग त्याने एक उचकी दिली, पाणी ओकलं, आणि तो रडला. श्वास कसा भरायचा हे तिला त्या पुण्याच्या शिकवणीतच दाखवलेलं होतं, हे मला मागाहून कळलं. ज्या शिकवणीला मी हसले होते, तीच.

जाऊ धावत आली होती. "तुम्ही जा, घर मी पाह्यतो," एवढंच ती म्हणाली, आणि आम्ही तिघं त्याला घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या विहिरीत पडला. मी म्हटलं, टबात. पाणी किती होतं, त्यांनी विचारलं. मी कोपरापर्यंतचा हात दाखवला. मला वाटलं ते चमकतील, विश्वास ठेवणार नाहीत. ते चमकले नाहीत. उन्हाळ्यात येतात अशी पोरं, म्हणाले, आणि या वयाच्या पोराचं डोकंच अंगाच्या मानाने जड असतं, एकदा आत गेलं की त्याला ते बाहेर काढता येत नाही. सगळीच येतात तेव्हा जिवंत असतात असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. माझ्यावर आभाळ कोसळलं होतं आणि या माणसाला त्याची सवय होती. छातीत पाणी गेलं असलं तर त्रास नंतरही होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

संध्याकाळी पोर झोपलं. लेक त्याच्या पायाशी बसली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आई, मी ऐकलं होतं त्याला."

मला वाटलं, ती रडण्याबद्दल बोलतेय. तसं नव्हतं. गुंड उचलून आत जाताना तिला अंगणातून त्याचा आवाज आला होता. "दोन, तीन." एक त्याला अजून म्हणता येत नाही. तिला वाटलं, पोर खेळतंय, आकडे म्हणतंय, आणि ती मनाशी हसत आत गेली होती.

"तो पडला नाही, आई. त्याने उडी मारली."

दिवसभर भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगत होते, की तोल गेला, पाय घसरला. तोल गेलाच नव्हता. त्याने पाणी पाहिलं आणि त्याला जे शिकवलं होतं ते केलं. झेलायला तिकडे कोणीतरी असतं, एवढंच त्याला माहीत होतं. त्यांचे सर दर वेळी बजावत, की याला पोहता येतं असं कधी समजू नका, पोर पाण्याजवळ असलं की तुमच्या हाताच्या अंतरावर हवं. लेक म्हणाली, ते मी तलावासाठी ऐकलं गं. टब म्हणजे पाणी, हे डोक्यातच आलं नाही. माझ्या तरी कुठे आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. ह्यांनी फाटक उघडलं आणि आम्ही जागच्या जागी थांबलो.

अंगण भरलेलं होतं. आम्ही गेल्यावर जावेने स्वतःचं पाणी अर्धवट टाकून आमचं सगळं भरून ठेवलं होतं. पोर दवाखान्यात, परत आल्यावर घरात पाण्याचा थेंब नको का, म्हणून. ड्रम काठोकाठ, बादल्या ओळीने, गुंड, गंज, कूलर. आणि टब. तोही कडेपर्यंत भरलेला. तिच्यावर रागवायचं तरी कसं? तिच्या जागी मीही हेच केलं असतं, आणि वर कौतुकाची वाट पाहिली असती.

लेकीने पोर आजोबांच्या कडेवर दिलं. ओढणी खोचली आणि पहिली बादली उलटी केली. मग दुसरी. पाणी फाटकाखालून रस्त्यावर जायला लागलं. तिने गुंडाला हात घातला, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं,

"अवं थांब. नळ आता आठ दिवस नाही यायचे. थोडं तरी राहू दे."

ती थांबली. चिडली नाही. इतक्या वर्षांत कमावलेली तिची पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"बरं," ती म्हणाली. "मंग तूच सांग आई, कोणतं ठेवू?"

मी बादलीकडे पाहिलं. गंजाकडे पाहिलं. ड्रमकडे, त्याच्या शेजारी पडलेल्या विटेकडे, कूलरच्या उघड्या झाकणाकडे. पोर आजोबांच्या कडेवरून खाली उतरायला धडपडत होतं, पाण्याकडे हात करत होतं. अंगणातल्या प्रत्येक भांड्यात त्याचं डोकं मावत होतं.

मी पुढे झाले आणि टब उलटा करायला त्याची एक कड धरली.