हवेची वाट

यवतमाळच्या नव्या फ्लॅटमध्ये कूलर लावूनही हॉलमध्ये जीव घुसमटायचा. आई रोज दारव्ह्याच्या जुन्या घरी परत जायची धमकी द्यायची. शेवटी कूलरवाल्याला बोलावलं. त्यानं पिशवीतल्या पान्याला हातच लावला नाही. देवघरातली उदबत्ती मागितली आणि तिच्या धुरावर नजर ठेवून घरभर फिरला. हॉलमध्ये धूर काठीसारखा सरळ उभा राहिला.

"कूलर चांगला हाय, भाऊ. हवा आत याले खिडकी हाय, जायले वाटच नाई ठेवली बांधणाऱ्यानं," म्हणत त्यानं बाहेरचं दार सताड उघडलं. धूर वाकला आणि समोरच्या फ्लॅटकडे निघाला.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. दार मात्र तेव्हापासून दिवसभर उघडंच असतं. आई तिथं बसून समोरच्या काकूंसोबत गहू निवडते. दारव्ह्याला सोडून देऊ का विचारलं, तर म्हणते, "कायले?"