त्रिपुरसुंदरीने नावासकट कळवलं

चेन्नईच्या एका खासगी विद्यापीठात, परीक्षा विभागात, त्रिपुरसुंदरीची एकतीस वर्षं गेली. कारकून म्हणून लागली, अधीक्षक झाली. राहणार मैलापूरची, माणसं मूळची तंजावरची, घरातलं मराठी जुन्या वळणाचं. तिच्या हातून गेलेल्या गुणपत्रिकेत चूक निघाली असं कधी झालं नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गुण संगणकावर भरायची पद्धत आली तेव्हा जुन्या प्राध्यापकांची पंचाईत झाली. भौतिकशास्त्राचे गुंडोराव सरळ तिच्या टेबलाशी आले. तेही तंजावरकडचेच.

"तूच भर, अम्मा. मला हें जमत नाहीं," म्हणाले आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊन गेले.

त्यांचं पाहून आणखी जण आले. चिठ्ठ्या हरवू नयेत म्हणून तिने वही केली. पाहता पाहता वहीत तेवीस नावं जमली. वही खणात, खणाला कुलूप. तेवीस शिकलेली माणसं आपल्यावर विश्वास टाकतात, याचा तिला अभिमान होता.

संगणक केंद्रात सुरक्षेचं काम पाहायला नाशिकची इरा आली. तिच्या कानावर वहीची गोष्ट गेली.

"अक्का, ही वही नको. ज्याचा पासवर्ड त्यानेच ठेवावा."

"मी काय चोर आहें?"

"तसं नाही हो. पण तुमची एक चूक झाली, तर ती तेवीस जणांना भोवेल."

त्रिपुरसुंदरीला ते लागलं. कालची पोर मला शिकवते, असं वाटून तिने पुढे महिनाभर इराशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

एप्रिलमध्ये गुण भरायची मुदत संपत आली होती. सकाळी दहाच्या सुमारास परीक्षा नियंत्रक नारायणस्वामी यांच्या नावाने मेल आला. पोर्टल बदललं आहे, बारा वाजायच्या आत नव्या लिंकवर लॉगिन करा, नाहीतर भरलेले गुण पुसले जातील. तिने लिंक उघडली. पान नेहमीचंच, विद्यापीठाचं बोधचिन्हही जागच्या जागी. तिने आपला पासवर्ड टाकला. मग आठवलं, तीन प्राध्यापक परगावी गेलेत. त्यांचे गुण गेले तर? वही काढून तिने त्या तिघांचेही पासवर्ड टाकले. त्यांत गुंडोराव होते.

चौथ्यांदाही 'पुन्हा प्रयत्न करा' असंच आलं, तेव्हा कुठे तिचं लक्ष वरच्या पत्त्याकडे गेलं. विद्यापीठाच्या नावात एक अक्षर जास्तीचं होतं.

आजूबाजूला कुणी काही पाहिलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर चंद्रिका लिफाफ्यांवर शिक्के मारत होती. मुकाट्याने आपला पासवर्ड बदलावा आणि गप्प बसावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. ती तशीच बसून राहिली. मग उठली, वही उचलली आणि समोरच्या इमारतीत इराकडे गेली.

"चार जणांचे पासवर्ड मी देऊन बसलें," ती उभ्या उभ्याच म्हणाली.

इराने एवढंच विचारलं, "किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं. त्यांतलीं पंधरा मी नुसतीच बसलें."

इराने चारही खाती बंद केली. गुंडोरावांच्या खात्यात तोवर कुणीतरी बाहेरून शिरलं होतं आणि त्यांच्या नावाने चारशे विद्यार्थ्यांना तीच लिंक गेली होती. गुणांना मात्र कुणी हात लावला नव्हता. मेल मागे घेतले, पण काहींनी ते उघडलेही होते.

दुपारी नारायणस्वामींनी तिला बोलावलं. ते भला माणूस म्हणून ओळखले जात.

"सूचनेत 'तांत्रिक अडचण' एवढंच घालू," ते तमिळमध्ये म्हणाले. "दोन वर्षांत तुम्ही निवृत्त व्हाल. नाव कशाला उगाच?"

"सार, तेवढं वाचून पासवर्ड कोण बदलेल? मुलांना वाटेल, वीज गेली होती."

अखेर सूचना गेली ती तिच्या नावाने. मी, परीक्षा विभागाची अधीक्षक, खोट्या मेलला फसले. माझा आणि इतर तिघांचा पासवर्ड दिला. तुमच्याकडून असं झालं असेल तर आजच संगणक केंद्राला कळवा, कुणी रागावणार नाही. शेवटचं वाक्य तिने इराला विचारूनच घातलं होतं.

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस विद्यार्थी आले. आणि एक प्राध्यापकही आले, ज्यांनी आदल्याच आठवड्यात अशाच मेलला पासवर्ड दिला होता आणि लाजेने कुठे बोलले नव्हते. त्यांचं खातं बाहेरचं कुणीतरी तेव्हापासून रोज उघडत होतं. ते त्या दिवशी बंद झालं.

त्रिपुरसुंदरीच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली, नोकरीतली पहिली. तिने सही करून कागद परत दिला. मग तेवीस जणांना एकेक करून बोलावलं, प्रत्येकाला आपला पासवर्ड बदलायला लावलं आणि वहीचं ते ते पान त्यांच्यादेखत कागद फाडायच्या यंत्रात घालून त्याच्या पट्ट्या केल्या. कुणी हसले, कुणी कुरकुरले. गुंडोराव पासवर्ड बदलून तडक निघून गेले. आपल्या नावाने मुलांना फसवलं गेलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. जिन्यात भेटले तरी ते मान फिरवून जात.

नोव्हेंबरच्या परीक्षा झाल्या. एका दुपारी गुंडोराव उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन तिच्या टेबलापुढे उभे राहिले.

"तीनदां पासवर्ड घातलों. आंत घेत नाहीं."

"बसा, सार. मोठें अक्षर कुठें होतें, आठवा."

तिने आपली खुर्ची त्यांना दिली आणि कीबोर्डला हात न लावता खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मागे एकेक कळ वाजत होती, थांबून थांबून. बऱ्याच वेळाने गुंडोराव म्हणाले, "झालें."

मग ती वळली आणि पहिला रकाना कुठला, ते त्यांना दाखवू लागली.