पाणलाव्याला घातलेला चिवडा

पाणलाव्याला मी चिवडा घातला, हे आधीच कबूल करते, म्हणजे तुम्ही हसायला मोकळे.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसत. त्यांचं ठरलेलं वाक्य, "बसा. त्याला घाई नाही." नवाकोरा कॉम्प्युटर आला आणि सुरू व्हायलाच अर्धी सकाळ खाऊ लागला. आम्ही सगळे त्याला थापट्या मारायचो. हे मात्र हाताची घडी घालून समोर बसत. आणि तो मेला यांनाच प्रसन्न व्हायचा.

रविवारी ते खराडीला नदीकाठच्या लव्हाळ्यात पक्ष्यांचे फोटो काढत. तिथला पाणलावा म्हणजे डोळ्यांभोवती पांढरा चष्मा, लांब चोच आणि नव्या नवरीहून लाजरा. तीन महिने त्याने यांना नुसती चोच दाखवली होती. त्या जागेवर आयटीची इमारत व्हायची होती, सोमवारपासून खोदाई. म्हणजे फोटोसाठी हा एकच रविवार उरला होता. मी म्हटलं, मलाही न्या, संयम माझ्या रक्तातच आहे. तेव्हा मी अशी वाक्यं इस्त्री करून बोलत असे.

पहिल्या तासात माझा पाय झोपला. दुसऱ्या तासात मी झोपले. तिसऱ्या तासाला लव्हाळ्यातून चोच आली, मग चष्मा. यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. पण पक्षी पुढे येईना.

पिंडाला कावळा शिवेना, की आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी पुढे ठेवतात. माझ्या डोक्यात तेच आलं. डब्यातला मूठभर चिवडा उधळला आणि हळूच म्हटलं, "ये रे बाबा, यांची इच्छा पुरी कर."

कावळे आले. खराडीचे तर आलेच, हडपसरचेही आले असावेत. एक माझ्या डोक्यावर बसला. पाणलावा उडाला तो थेट नदीपलीकडे. फोटो निघाला, माझा आणि कावळ्यांचा.

ते गृहस्थ आता नाहीत. फोटो माझ्या कपाटाच्या दाराला आहे. यातला पक्षी कोणता, असं नातवंडं विचारतात.

त्या दिवशी बसथांब्यापर्यंत मी मान वर केली नाही. ते शेजारून उरलासुरला चिवडा खात चालले होते. रिकामा डबा माझ्या हातात देत म्हणाले, "बाई, उद्या त्याला यंत्राने हाकललं असतं. त्यापेक्षा आज तुम्ही खाऊ घालून पाठवलंत, ते बरं झालं."