‘खेरीज’ने वगळलेले गुरुजी

अठ्ठ्याहत्तर सालचा जून संपत आला होता. नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयाच्या भाषांतर विभागात, ‘एक्स्क्लूजन’ या इंग्रजी शब्दाला नेमका मराठी शब्द शोधत मी बसले होते.

‘वगळणे’ रोजच्या वापराचा, ‘अपवर्जन’ कायद्याचा, ‘मज्जाव’ दाराशी शोभणारा, ‘बहिष्कार’ गावाने घालायचा... प्रत्येकाची जागा वेगळी, आणि ती चुकवणाऱ्यांची मला मनापासून चीड. मी विद्यापीठात पहिली आलेली. माझ्या मसुद्यातली चूक अजून कुणी दाखवली नव्हती आणि कुणी दाखवील असं मला वाटतही नव्हतं.

तेवढ्यात शिपाई एका गृहस्थांना आत घेऊन आला. नागपूरजवळच्या खाप्याच्या शाळेतले मेश्राम गुरुजी. इस्त्रीचा सदरा, हातात घडी घातलेला कागद.

“बाई, मले एवढंच सांगा, काहून वगळलं?”

कागद आमच्याच कार्यालयाचा होता, भाषांतर माझं. तात्पुरत्या शिक्षकांविषयीचा आदेश... ‘सोबतच्या यादीतील सात शिक्षकांखेरीज पुढील चौदा शिक्षकांच्या नेमणुका कायम करण्यात येत आहेत.’ गुरुजींचं नाव त्या सातांत होतं.

माझ्या लेखी अर्थ लख्ख होता. सात जण कायम झालेलेच, त्यांच्या जोडीला आणखी चौदा. मी तोऱ्यात म्हटलं, “तुम्हाला वगळलेलं नाही, कायम केलंय. शिक्षक असून एवढं वाचता येत नाही?”

“मले येते. आमच्या हेडमास्तरले समजावा मंग! तीन दिवस झाले, मस्टरवर सही करू देऊन नाही राहिले. येत्या सोमवारपासून माह्या वर्गावर दुसरा माणूस घेऊन राहिले.”

“अहो, पण ‘खेरीज’ या शब्दाचा अर्थ...”

“अर्थ राहू द्या, बाई. वगळणं म्हणजे काय, हे आमाले डिक्शनरीत पाहा लागत नाही. तुमी फक्त ते वाक्य एक डाव मोठ्यानं वाचा.”

हे ते आवाज न चढवता म्हणाले. त्यांचं घराणं छप्पन्न साली दीक्षाभूमीवर बौद्ध झालेलं, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मात्र त्यांचा शांतपणा मला आगाऊपणा वाटला... आणि केवळ त्यांना गप्प करावं म्हणून मी वाचू लागले.

अर्ध्यावर मी थांबले आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘पगाराखेरीज भत्ता’ म्हणजे पगार मिळतोच, वर भत्ताही. पण ‘रविवारखेरीज रोज उघडे’ म्हणजे रविवारी कुलूप! दोन्ही मराठी शुद्ध, आणि माझं वाक्य दोन्हीकडे सारखंच झुकत होतं.

मी फाइल मागवली. पहिल्या मसुद्यात ‘चौदा शिक्षकांच्याही’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यातला ‘ही’ लाल शाईने खोडलेला... आणि समासात माझ्याच वळणदार अक्षरात शेरा, ‘द्विरुक्ती टाळावी.’

एक अक्षर. ते राहिलं असतं तर कुणाच्याही मनात शंका आली नसती.

साहेबांकडे शुद्धिपत्रक नेलं तेव्हा त्यांनी मान वर केली. “शुद्धिपत्रक? आणि तुमच्या मसुद्याचं? थांबा बाई, आधी चष्मा पुसतो.” ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी सही केली, एवढंच मला हवं होतं.

शुक्रवार होता, टपाल सोमवारच्या आत पोहोचलं नसतं. म्हणून गुरुजींबरोबर मीच दुपारच्या एसटीने खाप्याला निघाले. वाटभर एकच विचार... हेडमास्तरांनी ऐकलं नाही तर?

हेडमास्तरांनी शुद्धिपत्रक दोनदा वाचलं. “मराठी तुमची, कागद तुमचा, अन् शिव्या मात्र मले! जसं लिहून आलं तसं मी करून राहिलो होतो ना, बाई.” मग त्यांनी मस्टर पुढे सरकवलं. “घ्या गा गुरुजी, चारी दिवसांच्या सह्या करून टाका.”

गुरुजींनी चार रकान्यांत चार सह्या केल्या, जराही घाई न करता. पेनाला टोपण लावलं आणि थेट वर्गाकडे गेले. आतून एकदम पोरांचा गलका उठला... सकाळपासून छातीवर असलेलं ओझं तेव्हा कुठे उतरलं. परतताना बसस्टँडवर मला कडकडून भूक लागली आणि मी दोन प्लेट आलूबोंडे खाल्ले.

उरलेल्या सहा शाळांनाही शुद्धिपत्रक गेलं. तिथल्या हेडमास्तरांनी मूळ आदेश उघडूनही पाहिला नव्हता, त्यामुळे सहाही जण निवांत शिकवत होते. सरकारी कागद न वाचणाऱ्यांविषयी मला आयुष्यात तेवढा एकदाच आदर वाटला.

गुरुजींचा विचार मात्र अजून येतो. आपल्याला वगळलं याचं त्यांना नवल वाटलेलं दिसत नव्हतं, एवढं ते त्यांच्या ओळखीचं असणार. तरीही इस्त्रीचा सदरा घालून ते नागपूरला आले, ‘काहून’ म्हणून विचारलं आणि माझं उत्तर मुकाट्याने मान्य केलं नाही... त्यांचे हे उपकार मी विसरलेले नाही.